घारीने न सोडलेली पट्टी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. सांवेर रोडवरच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी इन्स्पेक्टर होतो; मापात बसत नाही ते बाजूला काढायचं, एवढंच मला येतं. पण एक गोष्ट अजून मापात बसलेली नाही... आणि तिच्याबाबत मी खोटंही बोललो आहे.

माझी बायको सुलभा इंदूरबाहेरच्या एका वन्यजीव केंद्रात जखमी पक्ष्यांची सेवा करायची. राजेंद्र नगरहून बस बदलून जायची. "एकदा येऊन बघा तरी," म्हणायची. मी म्हणायचो, "तुझ्या घारी तुलाच लखलाभ. आधी आंघोळ कर, वास येतोय!" एकदाही गेलो नाही.

ती गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून तिथे जाऊ लागलो. पिंजरे धुणं, मांसाचे तुकडे करणं शिकलो. घारीच्या डोळ्यांवर फडकं टाकलं की ती शांत होते, हेही कळलं. सत्तरीनंतर काही नवीन जमतंय, याचं अप्रूप वाटायचं.

संक्रांतीनंतर एक घार आली — मांज्याने पंख चिरलेला, हाड मोडलेलं. कुणीही पट्टी बांधली की ती चोचीने सोडायची. केंद्रातल्या डॉक्टर मॅडम वैतागल्या. "काकाजी, सुलभाजी की पट्टी कोई चील नहीं खोल पाती थी. हमें सिखाने वाली थीं... रह गया." पट्टी पुन्हा सुटली तर हाड वाकडं जुळणार, आणि ती जन्मभर पिंजऱ्यात राहणार.

भर दुपार होती. मॅडमनी घार धरली आणि पट्टीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. माझी बोटं आपोआप वेढे घेऊ लागली — इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे — आणि शेवटचं टोक पंखाखालून उलटं नेऊन आत खोचलं. मी नुसता पाहत होतो, दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसा.

"ये तो वही है! किसने सिखाया?"

"घरी बघून बघून शिकलो," मी म्हणालो.

साफ खोटं. सुलभाने एकदा टॉवेलच्या गुंडाळीवर ती बांधून दाखवायला घेतली होती. मी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

त्या घारीने पट्टी सोडली नाही. हाड सरळ जुळलं. मोकळी केली त्या सकाळी शेडवर एक गिरकी घेऊन ती वर, वर गेली... आणि मला सुलभाचा असा अभिमान वाटला, जो ती असताना कधी वाटू दिला नाही.

नंतर सगळे माझ्याकडून ती शिकले. 'काकाजी की पट्टी' म्हणू लागले, आणि मी ते ऐकून घेत राहिलो. गेल्या रविवारी मात्र सगळ्यांना बसवून खरं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "तो काकाजी, उस दिन हाथ किसके थे?"

मला माहीत नाही. अजूनही नाही.

आता नवीन कुणी आलं की मी पट्टी बांधून दाखवतो आणि छाती पुढे काढून सांगतो — "ये सुलभाजी की पट्टी है. कोई चील खोल के तो दिखाए!"