स्वरयंत्र काढायच्या आदल्या दिवशी

मंडळी, हॉस्पिटलमधून येऊन तासभर झाला, अजून जॅकेटही काढलेलं नाही.

मी इथे अमेरिकेत, कॅरी शहरात, स्पीच थेरपिस्ट आहे. कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढायचं असतं, त्यांच्या आवाजात ठरावीक वाक्यं आम्ही आधी रेकॉर्ड करून ठेवतो. ऑपरेशननंतर टॅब्लेट त्यांच्याच आवाजात बोलतो.

आजचे आजोबा सोव्हिएत काळातले ऑपेरा गायक, टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे. नाव सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार.

मी विचारलं, "तुमची जुनी रेकॉर्डिंग्ज असतील ना?"

"होती. मी देश सोडला म्हणून तिथल्या सरकारी रेडिओवाल्यांनी सगळी पुसून टाकली."

इतका संताप आला ना! म्हटलं, "मग आत्ता काहीतरी गाऊन दाखवा."

"या घशाने? नाही. तुमची वाक्यं द्या."

खुर्ची होती, तरी उभे राहिले. प्रत्येक वाक्य स्टेजवर असल्यासारखं म्हटलं.

उद्या सकाळी सर्जरी आहे. त्यानंतर या माणसाच्या आवाजाचं जगात एकच रेकॉर्डिंग उरेल, माझ्या लॅपटॉपवरचं: "पाणी हवंय. दुखतंय. नर्सला बोलवा."

सांगा, हे कोणाला ऐकवू?