मास्तरांची जीभ

शिंपी मास्तरांनी उभ्या जन्मात दोनच कामं मन लावून केली. दिवसभर परक्यांचे कपडे शिवले आणि संध्याकाळी दुकानाशेजारच्या खाणावळीत रश्श्याचं मीठ सांगितलं.

तिथल्या आचाऱ्याचा नेम होता. गिऱ्हाईक जेवायच्या आधी आपल्या हातचं तो स्वतः चाखत नसे. पहिली वाटी मास्तरांपुढे यायची. त्यांनी मान हलवली की मगच वाढायला सुरुवात. कधीमधी आचारी खोडी काढायचा, मीठ न घालताच वाटी पाठवायचा. मास्तर ती परत सरकवून म्हणत, "आजाऱ्याचं माझ्याकडे कशाला आणलंस लेका?" सगळी खाणावळ हसायची. बायको लवकर गेलेल्या त्या माणसाला तेवढं हसू रात्रभर पुरायचं.

पुढे डोळे अधू झाले आणि मुलानं त्यांना आपल्याकडे, दुसऱ्या गावी नेलं. तिथं एका तापात तोंडाची चव गेली. सूनबाई जीव ओतून रांधायची, मास्तर माती चावल्यासारखे चावायचे. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्षं गेली, चव आली नाही. पण मास्तरांनी मनाशी एक धरलं होतं: जिथं ही जीभ घडली, तिथं ती परत जागी होईल. कुणाला न सांगता त्यांनी गाडी धरली.

खाणावळीतली बाकं नवी होती, खिडकीजवळची जागा तीच. दारात थांबून मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. फोडणीचा धूर डोळ्यांना झोंबला. नाकाला काहीच कळलं नाही.

आचारी पार पिकला होता. "मास्तर? मला वाटलं, तुम्ही गेलात."

"गेलोच होतो. मुलाकडे."

बाकांवरची माणसं हसली. आचारी लगबगीनं आत गेला, वाटी घेऊन आला आणि फडक्याला हात पुसत शेजारी उभा राहिला. "सांगा मीठ."

मास्तरांनी घोट घेतला. गरम पाणी घशाखाली उतरलं. दुसरा घोट त्यांनी जिभेवर घोळवला, डोळे मिटून वाट पाहिली. अंधाऱ्या घराचं दार ठोठावावं आणि आतून ओ येऊ नये, तसं झालं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हात अजून तसाच आहे तुझा."

आचारी हसायच्या तयारीनं उभा होता. ते हसू ओठांवरच विरलं. "तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच," तो हळूच म्हणाला आणि आत गेला.

आतून मिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. तो आवाज मास्तरांना आपल्या शिलाई मशीनइतका ओळखीचा होता. मग पळी फिरली, बराच वेळ फिरली.

दुसरी वाटी बाहेर आली ती पलीकडच्या बाकावर बसलेल्या एका पोस्टमनपुढे गेली. त्यानं चाखून मान हलवली आणि वाढप सुरू झालं. आचाऱ्यानं खिडकीकडे बघायचं टाळलं.

मास्तर आपली अळणी वाटी चमच्या-चमच्यानं संपवत राहिले. परतीच्या गाडीला अजून वेळ होता, आणि चव शोधायला जावं असं आता दुसरं ठिकाण नव्हतं.