मोतीरामची फुंकर

मखमलाबादेत मोतीरामचा झेंडू जितका नावाजलेला, तितकीच त्याची फुंकर. कुणाचं पोर कान धरून रडू लागलं, की आई त्याला कडेवर घेऊन मोतीरामच्या ओट्यावर यायची. तो बिडीचा झुरका घ्यायचा आणि पोराच्या कानात ऊन धूर हळूच सोडायचा. पोर निवायचं. मोतीराम या फुंकरीला देवाघरची विद्या म्हणायचा.

त्या पौषात त्याला नातू झाला. सून साधना हिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. थंडी अशी, की फुलं तोडताना बोटं आपली वाटत नव्हती. मोतीरामनं बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीत गोणपाट कोंबलं, बाजेखाली शेगडी सारली आणि आतच बिड्या ओढत राखण करू लागला.

"आबा, धूर लय होतोय."

"धुरानं डास मरत्यात, लेकरं नाय."

त्याची बायको ठमाबाई दारातून म्हणायची, "यांना सरणावर बी बिडी लागंल!"

बाळाला खोकला लागला. थंडी बाधली म्हणून मोतीरामनं दाराच्या फटीतही चिंध्या भरल्या.

एका दुपारी बाळ मान घुसळून रडू लागलं. कान दुखतोय, दुसरं काय! मोतीराम लगबगीनं उठला आणि त्या एवढ्याशा कानात फुंकर घातली. रडणं थांबेना. पुन्हा घातली. मग थांबलं.

"बघ, निवलं."

साधनानं दुपटं बाजूला केलं. बाळ निवलं नव्हतं. रडायला त्याच्यापाशी श्वासच उरला नव्हता. बरगड्यांखाली खळगा पडत होता, ओठ जांभळासारखे झाले होते.

"आबा, दार उघडा!"

रोजच्या दाराची कडी मोतीरामला सापडेना. साधनानं त्याला ढकललं, दार उघडलं आणि बाळ घेऊन ती अनवाणीच उन्हात धावली.

दवाखान्यात बाळाच्या नाकाला नळी लावली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोण ओढतं?"

मागोमाग आलेला मोतीराम म्हणाला, "मी. पण मी त्याच्या कानासाठी..."

"धूर कानात थांबत नाही, बाबा. शेगडीचा, बिडीचा, सगळा त्याच्या छातीत गेलाय."

"वाचंल ना?"

"प्रयत्न चाललाय."

तो बाळाकडे सरकला, तशी साधना आडवी आली. आवाज चढवला नाही तिनं. "तुम्ही नको, आबा. उपरण्याला वास हाय."

मोतीराम व्हरांड्यात भिंतीला टेकला. ओट्यावर येऊन गेलेली सगळी पोरं त्याच्या डोळ्यांपुढं येऊ लागली. त्यांच्या छातीत काय गेलं असेल, हे त्यानं कधी मनातही आणलं नव्हतं. आतून बाळाचा आवाज येत नव्हता. त्याला स्वतःचा श्वास घ्यायचीही भीती वाटली.

बाळ वाचलं. घरी आल्यावर खिडकी उघडी राहू लागली, शेगडी अंगणात गेली. मोतीरामनं बिडी सोडली, आंघोळ करून धुतलेला सदरा घालू लागला. एके सकाळी कोवळ्या उन्हात साधनानं आपणहून बाळ पुढं केलं.

"घ्या आबा."

त्यानं तळवा नाकाशी नेला. साबणाखालून तोच वास येतोय असं त्याला वाटलं.

"आज नको, पोरी," तो म्हणाला आणि मागं सरला.