एनिडबाईंची काही तक्रार नाही

आमच्या गल्लीत कुणालाही "कशा आहात?" म्हणून विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "तक्रार नाही." पाय मोडलेला असो, छत गळत असो, नवरा दुसरीबरोबर निघून गेलेला असो, तक्रार नाही. इंग्लंडातल्या सगळ्या यॉर्कशरलाच ही खोड आहे. आणि नेमकं याच लोकांसाठी सरकारने हिवाळ्यात घर गरम ठेवायला मदतीची योजना काढली, ती अशी की जो नीट तक्रार करेल त्यालाच ती मिळेल. योजना आखणारा माणूस फार हुशार असणार. पैसाही जात नाही आणि पुण्यही लागतं.

एनिड हेन्सवर्थ माझ्या शेजारी राहतात. आमच्या दोन घरांच्या मध्ये भिंत एकच, त्यामुळे त्या खोकल्या की मला माझ्या स्वयंपाकघरात कळतं. वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं, नवऱ्याला पोचवलं, मुलाला मोठं केलं. रविवारी चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जायचं कधी चुकलं नाही. त्यांचा देव आणि माझा देव एकमेकांना ओळखतात की नाही मला ठाऊक नाही, पण आम्ही एकमेकींसाठी हात जोडतो, तेव्हा वरच्या वर काहीतरी सोय असेलच.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचा घर तापवणारा बॉयलर बंद पडला. नवीन घेण्याची ऐपत नाही, आणि जुना दुरुस्त करायला आलेला माणूस त्याच्याकडे बघून टोपी काढून उभा राहिला, मयताला आल्यासारखा. तेव्हापासून घरात एक विजेचा हीटर. त्याला एनिडबाई कडेवरच्या पोरासारखं या खोलीतून त्या खोलीत न्यायच्या. त्यात विजेचं मीटर आधी पैसे भरायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे भरले की तेवढी वीज, ते संपले की काळोख. ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच आगाऊ भरायला लावायचं, यात काय शहाणपण आहे ते मोठ्या लोकांनाच कळतं.

म्हाताऱ्यांना थंडीसाठी म्हणून सरकारकडून थोडी रक्कम येते, नाही असं नाही. एका वर्षी ती येते, एका वर्षी काढून घेतात, मग पुन्हा देतात, आणि दर वेळी आपलं मन किती मोठं आहे ते टीव्हीवर येऊन सांगतात. शिवाय घरोघर पत्रक येतं. घरातही टोपी घाला, एकाच खोलीत राहा, गरम काहीतरी पीत राहा. पत्रकावर एक म्हातारी हसताना दाखवली होती. फोटोवाल्याचे दिवे अंगावर असतील तर कोण हसणार नाही.

गेल्या हिवाळ्यात एनिडबाईंच्या छातीत कफ धरला आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. त्या जगल्या. डॉक्टरांनी मुलाला, क्लाइव्हला, बजावलं की यापुढे एकतर ऊबदार घर, नाहीतर दुसरा हिवाळा दिसायचा नाही. क्लाइव्ह दक्षिणेत राहतो, मोठ्या पगारावर आहे, आणि आईवर त्याचं फार प्रेम आहे, रविवारी फोनवर. त्याने समुद्रकाठी एक वृद्धाश्रम शोधला आणि आईला सांगितलं, "ख्रिसमसपर्यंत घराचं काही झालं तर ठीक. नाहीतर मी गाडी घेऊन येतो आणि तुला घेऊन जातो. घर विकून टाकू."

"मी या घरातून निघेन ती चौघांच्या खांद्यावरून," एनिडबाई मला म्हणाल्या. "समुद्राचा वारा छान आहे म्हणतो. वाऱ्याला इथे काय तोटा आहे? खिडकी बंद असली तरी येतो."

म्हणून मीच त्यांच्या मागे लागले की कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नव्या योजनेत अर्ज करू. थंड घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यात नवा बॉयलर फुकट बसवून मिळणार होता, वर वीजबिलालाही हातभार. एनिडबाई तयार होईनात. "ती मदत गरिबांसाठी असते, पोरी. माझ्यामुळे कुणा गरजूचं राहून जायचं."

"तुमच्याहून गरजू कोण आहे?"

"असतात गं. चॅपलमध्ये बघ किती येतात."

आमच्या चॅपलने हिवाळ्यापुरती एक खोली उघडली आहे. ज्यांना घर तापवणं परवडत नाही त्यांनी दिवसभर तिथे येऊन बसावं, चहा घ्यावा. एनिडबाई तिथे रोज जायच्या, पण चहा द्यायला, घ्यायला नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी बाहेर. एवढी सेवा करणारी बाई आख्ख्या गावात नव्हती.

शेवटी मीच फोन केला. फोनवर आधी बराच वेळ बाजा वाजला, मग एक बाई म्हणाली, "हा अर्ज वेबसाइटवर करायचा असतो."

"त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही," मी म्हटलं.

"मग वाचनालयात जाऊन करता येईल."

"वाचनालय गेल्या वर्षी बंद केलंत तुम्ही."

"मी नाही केलं," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. सरकारी कचेरीत कधीच कुणी काही केलेलं नसतं.

अर्ज झाला एकदाचा. मग पत्र आलं की घर खरोखर थंड आहे का हे बघायला अमुक दिवशी आमचा माणूस येईल.

एनिडबाईंनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला. माणूस घर बघायला येणार. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. पायऱ्या घासल्या, पडदे धुतले, पितळेची मूठ लखलखीत केली. झोपण्याच्या खोलीत भिंतीला ओलीची काळी बुरशी आली होती, तिच्यासमोर कपाट सरकवलं. चॅपलच्या अडगळीतून तीन हीटर मागून आणले. दुकानात जाऊन मीटरमध्ये होते नव्हते तेवढे पैसे भरले. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी दार उघडून आत गेले तर तोंडावर अशी उष्ण हवा आली, की वाटलं आपण मे महिन्यात सोलापूरला उतरलो. त्यांच्या नवऱ्याच्या, हॅरल्डच्या, फोटोच्या काचेवरसुद्धा घाम आला होता. ओव्हनमधून आलं घातलेल्या केकचा वास येत होता.

"एनिडबाई, हे काय केलंत?"

"परक्या माणसाला गारठ्यात बसवू? माझ्या आईने तसं शिकवलेलं नाही."

तेवढ्यात बेल वाजली. टॅटरसॉल नावाचा एक तरुण होता, नम्र, नवीन बूट. त्याने आत येताच कोट काढला, थोड्या वेळाने गळ्याचा टायही सैल केला. हातातलं तापमान मोजायचं यंत्र प्रत्येक खोलीत फिरवलं आणि दर वेळी भुवया वर नेल्या.

"तुम्हाला घरात थंडी वाजते का, मिसेस हेन्सवर्थ?"

"छे, अजिबात नाही."

"रात्री?"

"रात्री मी झोपलेली असते."

"खर्चाचं जमतं का?"

"तक्रार नाही. आणखी केक घे बाळ, हाडं दिसतायत तुझी."

मला राहवेना. मी म्हटलं, "साहेब, हे आज असं आहे. एरवी या घरात तोंडातून वाफ येते." टेबलाखालून माझ्या पायावर सपातेचा फटका बसला.

"हिचं मनावर घेऊ नकोस," एनिडबाई गोड हसून म्हणाल्या. "ही गरम देशातली आहे. हिला जुलैतसुद्धा थंडी वाजते."

टॅटरसॉल केकचे तुकडे खाऊन, एक फडक्यात बांधून घेऊन गेला. इतकं आदरातिथ्य त्याला सगळ्या नोकरीत मिळालं नसेल. त्याचं पत्रही लगेच आलं. कळवण्यास आनंद होतो की आपले घर पुरेसे ऊबदार असल्याने आपणास मदतीची गरज नाही. सरकारला आनंद झाला असं मी पहिल्यांदाच वाचलं.

पत्र आलं तेव्हा मीटर रिकामं होतं आणि एनिडबाई कोट घालून, टोपी घालून, एका मेणबत्तीजवळ बसल्या होत्या. पत्रकातल्या सगळ्या सूचना त्या पाळत होत्या, फक्त हसत नव्हत्या. मी त्यांना माझ्याकडे आणलं, सूप दिलं, आणि मग मनात होतं ते बोलले. "खरं का नाही सांगितलंत त्याला?"

"पाहुण्यापुढे घराची अब्रू काढू?"

"पाहुणा नव्हता तो. तपासणी करणारा होता."

"चहा घेतला ना त्याने माझ्या घरी? मग पाहुणाच." मग सूपमध्ये चमचा फिरवत म्हणाल्या, "क्लाइव्हचा फोन आला होता. खोली बुक करतोय म्हणाला. खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडते, पण वारा छान आहे."

त्या घरी गेल्यावर मी देवाजवळ दिवा लावला आणि म्हटलं, बाबा रे, या बाईला फक्त एकदा कुरकुर करण्याची बुद्धी दे. मी कधी कुणासाठी असलं मागणं मागेन असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा बाजा, पुन्हा वेबसाइट. फेरतपासणी मागितली. ती मिळाली, कारण नियमात होती. नियम कधीकधी चुकून माणसाच्या बाजूने लिहिले जातात. एनिडबाईंकडून मी वचन घेतलं की हीटर लावायचे नाहीत, घर घासूनपुसून ठेवायचं नाही आणि विचारतील ते खरं सांगायचं. पहिल्या दोन गोष्टींना त्या हो म्हणाल्या. तिसरीला म्हणाल्या, "मी खोटं कधीच बोलत नाही." केक मात्र केला. त्याबद्दल वचन घ्यायचं मी विसरले होते.

या वेळी आल्या त्या मिसेस ओल्ड्रॉइड, साठीकडे झुकलेल्या, जाडजूड, पलीकडच्या खोऱ्यातल्या. त्यांनी कोट काढला नाही. खोलीत खुर्चीवर बसून कागद काढले आणि विचारलं, "थंडी वाजते का?"

"वाजते थोडी. पण डिसेंबर आहे, वाजणारच."

"निभतं का?"

"तक्रार नाही."

मी डोळे मिटले. एवढं करून पुन्हा तिथेच. दोन शब्दांपायी ही बाई घर घालवणार आणि वर केक वाटणार. मिसेस ओल्ड्रॉइडचं पेन कागदावर टेकून तसंच थांबलं. मग त्यांनी ते बंद केलं, चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि अगदी सहज म्हणाल्या, "माझ्या आईचीही कधी तक्रार नव्हती. तिला शेवटी पोलिसांनी दार तोडून बाहेर काढलं." मग चहाचा एक घोट. "ते जाऊ दे. तुमचं मी विचारतच नाही. समजा या गल्लीत दुसरी एखादी म्हातारी अशा घरात राहत असती, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

एनिडबाईंनी आपला कप खाली ठेवला. आपल्याविषयी बोलायचं नाही हा इथला नियम आहे. शेजारणीविषयी बोलायचं नाही असा नियम मात्र कुठेच नाही, हे मी इतकी वर्षं राहून जाणते.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी तिच्या मुलाला आधी कानाला धरून आणलं असतं."

"आणि?"

"आणि त्याला दाखवलं असतं." त्या उठून झोपण्याच्या खोलीकडे निघाल्याच. "चला, तुम्हालाही दाखवते. ही भिंत बघा. हे कपाट ओढ, पोरी, बघत काय उभी राहिलीस. या बुरशीजवळ ती बाई उशी ठेवून झोपते. कुत्र्याला कुणी असं ठेवणार नाही. खिडकीवर सकाळी आतून बर्फ असतो, तो ती जुन्या बँक कार्डाने खरवडते. अंथरुणात नवऱ्याचा कोट घालून झोपते. अंघोळ आठवड्यात एकदा, तीही स्वयंपाकघरात, किटलीच्या पाण्याने. जेवण गरम करायचं की खोली गरम करायची, हे तिला रोज ठरवावं लागतं. लाज वाटली पाहिजे सगळ्यांना."

मिसेस ओल्ड्रॉइड भराभर लिहीत होत्या. "दिवसभर काय करते ती?"

"चॅपलमध्ये जाते. लोकांना सांगते, चहा द्यायला जाते. चहा द्यायला एवढा वेळ लागतो होय? तिथल्या हीटरला पाठ लावून उभी असते. तिथून निघून घरी यायचं तर तिला रडू येतं. आणि सगळे म्हणतात, काय सेवा करते."

मी खिडकीकडे बघत राहिले. मीही तेच म्हणत आले होते.

"त्या बाईला नेमकं काय हवंय?" मिसेस ओल्ड्रॉइडनी विचारलं.

"तिला तिच्या घरात मरायचंय," एनिडबाई म्हणाल्या. "पण या हिवाळ्यात नाही." मग त्यांनी कपाटाकडे, आमच्याकडे, आपल्या हातांकडे पाहिलं, पदर नाही म्हणून एप्रन सारखा केला आणि म्हणाल्या, "केक तसाच राहिला की तुमचा."

मंजुरी आली. पण पत्रात लिहिलं होतं की यादी मोठी असल्याने बॉयलर वसंतात बसेल, म्हणजे थंडी संपल्यावर, कुणाला त्रास नको म्हणून. मग एके दिवशी अचानक फोन आला, उद्याच बसवतो. यादीत वर असलेली एक आजी आधीच वारली होती. सरकारी कामात देव असा हात घालतो. आम्ही दोघींनी त्या अनोळखी बाईसाठी प्रार्थना केली, एनिडबाईंनी त्यांच्या देवाकडे, मी माझ्या.

क्लाइव्ह ख्रिसमसच्या आदल्या दिवशी आला. गाडी दारात, हातात मोठी रिकामी बॅग. आत येऊन त्याने कोट काढला, मग स्वेटर काढला, मग बाह्या वर केल्या. भिंतीला हात लावून पाहिला. मीही तिथेच होते, मिन्स पाय, म्हणजे ख्रिसमसची मनुका भरलेली गोड पेस्ट्री, खात.

"आई, केवढं उकडतंय इथे. जरा कमी कर ना ते."

"तुला सोसत नसेल तर तू जा समुद्रकाठी," एनिडबाई म्हणाल्या. "खोली बुकच आहे. वारा छान आहे म्हणत होतास."

क्लाइव्ह माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरा मिन्स पाय उचलला. थोड्या वेळाने तो उठला, बाहेर गेला आणि ती बॅग गाडीच्या मागच्या बाजूला टाकून परत आला. दार उघडंच राहिलं होतं.

"दार लाव," एनिडबाई म्हणाल्या. "ऊब बाहेर जाते."