सगळ्यांत लांब पर्याय

सीमाभागात, चिटगुप्प्याजवळच्या आमच्या मराठी शाळेत चाचणीचे पेपर मोठे सर काढतात. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. लहानपणी मला त्यांनीच शिकवलं, आता मी त्यांच्याच हाताखाली शिकवते. त्यांचा पेपर आसपासच्या मराठी शाळांनाही जातो. गेल्या चाचणीत आमची शाळा सगळ्यांच्या वर गेली. मग तालुक्याहून विचारणा झाली, पेपरचा दर्जा कसा होता, शेरा पाठवा. सरांनी ते काम माझ्याकडे दिलं. मी हरखले.

चार पर्यायांचा पेपर पारखायची रीतही त्यांचीच. प्रश्न झाकायचे आणि नुसते पर्याय पोरांपुढे ठेवायचे. तरीही उत्तर सापडलं तर प्रश्न टाकाऊ.

मी चौथीचा वर्ग घेतला. पेपर पाचवीचा होता, या पोरांनी तो पाहिलेलाच नव्हता. प्रश्नांवर वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली आणि पर्याय वाटले. पोरांनी भराभरा टिका मारल्या, आणि जवळजवळ सगळ्या बरोबर! पुढच्या बाकावरच्या पोरीला विचारलं, "कसं ओळखलीस गं?"

"लांब उत्तराला टिक मारायचं, बाई. मोठ्या सरांनी सांगिटल्यात."

"आणि प्रश्न?"

"ते वाचत बसलं की टाईम जातंय."

मी पट्टी काढून तिला एक प्रश्न वाचायला दिला. पहिल्याच शब्दाला ती अडली. शेजारची पोरगीही अडली. याच पोरांचे निकाल मी त्यांच्या आईबापांना कौतुकानं सांगत आले होते. मी पेपर उचलला.

तशीच सरांच्या खोलीत गेले. ते शांतपणे म्हणाले, "निकाल खाली पडला की लोक पोरं कन्नड शाळेत घालतेत. मग कुलूप लागतंय हितं. तुला कळत न्हाई व्हय?"

"पोरांना वाचता येईना, सर!"

"येतंय हळूहळू. तू शेरा लिही, पेपर उत्तम."

"मग तपासायला मलाच कामून दिलात?"

"तू माझी इद्यार्थिनी. तू न्हाई म्हणणार न्हाईस."

मला रडू फुटलं, आणि सरांपुढे रडल्याचा जास्त राग आला. म्हटलं, असल्या शेऱ्यावर मी सही करणार नाही.

सर रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी दारातून तिसरीच्या बाईंना हाक मारली. बाई आल्या, त्यांनी शेऱ्यावर उभ्याउभ्याच सही केली, आणि मला म्हणाल्या, "चला अक्का, चहा झालाय."