मॅनेज करणारी बाई

मला इंग्रजीतल्या एकाच क्रियापदाचा मनापासून राग येतो: मॅनेज. आणि ते घरात आणलं कुणी, तर मीच.

लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, कांचघर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत आले, तेव्हा सासूबाई विचारायच्या, "जमेल का गं?" नुसतं जमेल म्हणायला मला कमीपणा वाटे. मॅट्रिक झालेली ना मी! ऐटीत म्हणायची, "मॅनेज करते." नागपूरचे पाहुणे न सांगता टपकले, वरणात पाणी घालून मॅनेज. स्वतःला पोळी उरली नाही, चहावर मॅनेज. वर पदर खोचून हसायचं. कुणी शाबासकी दिली की बया फुगायची. काय बावळट मुलगी होती! आपण जितकं निभावू तितकं लोक आपल्यावरच टाकतील, एवढंही हिला कळू नये?

आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यावर दिवाळी गेली, होळीही गेली. मुलगा बँकेत आहे. आधी त्याचं ऑडिट, मग सुनेच्या कॉलेजच्या परीक्षा. आठवण केली की म्हणतो, "घाई काहून, आई? तू मॅनेज करून तर राहिलीस!"

करून राहिले, खरंच. मीठ आणि साखरेच्या बरण्या अगदी सारख्या, म्हणून मिठाच्या बरणीला मी लाल रबरबँड लावलेलं. बोटांनी चाचपायचं आणि मग चमचा घालायचा. स्वयंपाकघर डोळे चालवतात असं घरच्यांना वाटतं. चालवत होतं ते रबरबँड.

परवा मुलाचे साहेब बायकोला घेऊन घरी आले. हा कौतुकाने म्हणतो, "चाय तो माँ के हाथ की पीजिए. इस उमर में भी सब मैनेज कर लेती हैं."

अच्छा? म्हटलं, चलो.

साहेबांनी पहिला घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. त्यांची बायको हळूच म्हणाली, "माताजी, चाय में नमक..."

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आजकल तो दिखता ही नहीं जी मुझे."

मुलगा कानापर्यंत लाल. पाहुणे फाटकाबाहेर पडतात न पडतात, तोच त्याने डॉक्टरांना फोन लावला. सोमवारची वेळ मिळाली.

नात स्वयंपाकघरात कप विसळायला आली. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी. माझ्या बांगड्यांकडे बघत म्हणाली, "आजी, नमक वाली बरनी का रबरबँड आपके हाथ में क्या कर रहा है?"

"चूप बस," मी म्हटलं. "नाहीतर तुलाही मॅनेज करायला शिकवीन."