फुगलेल्या पोटाची गिटार

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात काम थोडं आणि थांबणं फार. सरस वाळायचा असतो, लाकूड बसायचं असतं, गिऱ्हाईक यायचं असतं. थांबलेली माणसं बोलतात, आणि रिटायर्ड माणूस तर बोलण्यासाठीच थांबलेला असतो! कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी उणकलहून बस धरतो आणि कोप्पीकर रोडच्या मागच्या बोळात वसंतअण्णांच्या दुकानात जाऊन बसतो. अण्णा चाळीस वर्षं सतारी-तंबोरे दुरुस्त करतायत. माझं तिथं काहीच काम नसतं, त्यामुळे किस्से सगळे माझ्याकडे जमा होतात. बाकीचे राहू देत. त्या एका गिटारचेच इतके झालेत की सांगून मोकळं झालेलं बरं.

* * *

गिटार आणली फिलिप अंकलनी. रेल्वेतले निवृत्त गार्ड, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार केशवापूर. सगळी नोकरी मिरज लाईनवर झाल्यामुळे मराठी आमच्याइतकंच सफाईदार. तरुणपणी ते रेल्वेच्या क्लबात बँडमध्ये वाजवायचे.

अण्णांनी खोकं उघडलं आणि बघतच राहिले. गिटारचं पोट व्हायोलिनसारखं वर आलेलं, आणि मधल्या गोल भोकाच्या जागी दोन बाजूंना दोन लांब, वळणदार चिरा. अण्णांनी आजवर सपाट गिटारीच पाहिलेल्या. त्यांनी पोटावरून हात फिरवला आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, "पाणी लागलंय हिला. फुगलीय बघा. आठ दिवस वजन ठेवलं की बसंल खाली."

अंकलनी दोन्ही हात पसरून गिटार झाकून टाकली! मग समजावलं की ही असलीच असते, जाड फळी आतून-बाहेरून कोरून तिला असं पोट काढतात. अण्णा बराच वेळ कडेकडेनं बोट फिरवत राहिले. "कोरलीय म्हणता? वीणेसारखी?" एवढंच विचारलं आणि काम घेतलं.

अंकलना घाई होती आणि ती त्यांनी लपवली नाही. डाव्या हाताची दोन बोटं बधिर होत चालली होती. नसेचं दुखणं, मागं फिरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. क्लबात दर शनिवारी शेवटी ते एक वॉल्ट्झ वाजवायचे, म्हणजे तीन-तीन मात्रांची नाचाची चाल. ती एकदाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची होती. "बोटं हायत तोवर द्या अण्णा," म्हणाले, "मग भिंतीला टांगतो."

* * *

दुसरा किस्सा माझ्यावरच आहे, पण सांगतो. अण्णा बाहेर गेले होते. मी आपला पुसापुशी करायला म्हणून तारा जरा सैल केल्या, तर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, सुटून हातातच आली. वाटलं, माझ्या हातून मोडली! अण्णा परत यायच्या आत मी त्यांच्याच भांड्यातला गरम सरस घेऊन ती जागेवर पक्की चिकटवली आणि वरून दाबून धरली. काम इतकं देखणं झालं की उगाच आयुष्य केमिस्ट्रीत घालवलं असं वाटलं.

अंकल आले, त्यांनी घोडी हलवून बघितली आणि खालीच बसले. त्या गिटारची घोडी चिकटवायचीच नसते. ती नुसत्या तारांच्या दाबावर उभी राहते, आणि सूर जुळवताना केसभर इकडे-तिकडे सरकवावी लागते.

गरम ओल्या फडक्यानं आणि पातळ पात्यानं ती सोडवायला अण्णांचे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी चहा पिताना फक्त विचारलं, "सर, कॉलेजात काय काय चिकटवून आलाय तुम्ही?"

* * *

गिटारच्या आतल्या दोन पट्ट्या तुटल्या होत्या. त्यांना हलकं, सरळ रेषांचं लाकूड हवं होतं. म्हणून अण्णा आणि मी अळणावरला गेलो. तिथल्या लाकडाच्या वखारीत अण्णा प्रत्येक फळीला बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. दहा-पंधरा फळ्या झाल्यावर वखारवाल्याला राहवेना. "ओळग यारर अदारेन्री?" त्यानं कानडीत विचारलं. आत कोण आहे काय हो?

"अजून कोणी बोललं नाही," अण्णा म्हणाले आणि पुढच्या फळीकडे गेले.

हात हलवत परत आलो. दुकानाच्या मागेच अण्णांचं घर. आत पाऊल टाकलं आणि अण्णांची नजर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, पापडाच्या पेटीवर गेली. कुठल्याशा परदेशी यंत्राच्या पॅकिंगची पेटी होती ती. अण्णांनी झाकणाला टकटक केलं, कान लावला आणि झाकणच उपटलं. अक्कांनी विचारलं, आता पापड कुठं ठेवू? अण्णा म्हणाले, "गिटारचं खोकं रिकामंच हाय की."

सहा आठवडे पापड त्या मखमली खोक्यात होते. हिंगाचा वास अजून गेलेला नाही. खोकं उघडलं की भूक लागते, असं अंकल सांगतात.

* * *

पट्ट्या बसल्या, नव्या तारा चढल्या. त्या दिवशी अण्णा सकाळपासून घोडीवर वाकलेले. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा असतो की तार त्याला पुसटशी टेकून झंकारत राहते. त्याला जवारी म्हणतात, आणि धारवाडचे गवई जवारी काढायला अण्णांकडेच येतात. अण्णांनी कोणी न सांगता गिटारलाही जवारी काढली होती! तार छेडली तर ती कितीतरी वेळ गुंजत राहिली. अण्णांनी डोळे मिटले. मीही मान डोलावली.

अंकलनी एकदा छेडून बघितली आणि विचारलं, "अण्णा, आत माशी अडकली काय?"

झालं! गिटारमध्ये असा झंकार म्हणजे दोष. स्वच्छ आवाज हवा, हे घासून टाका, असं अंकलनी जितकं गोड बोलून सांगता येईल तितकं सांगितलं. अण्णांनी दोन दिवस गिटारला हात लावला नाही. मिरजेला गुरूच्या हाताखाली आठ वर्षं घासून मिळवलेली विद्या इथं माशी ठरली होती. तिसऱ्या दिवशी आपणच कानस घेऊन बसले. चांगला आवाज मारायचं काम देवानं कुणाला देऊ नये, असं पुटपुटत होते. मला फार वाईट वाटलं, आणि हसूही आवरेना.

* * *

अंकल दर गुरुवारी यायचे. बोटांचं काही बोलायचे नाहीत, पण पडद्यावर, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या पट्टीपाशी, तार दाबताना अनामिका घसरायची ते आम्हाला दिसायचं. एका गुरुवारी ते गेल्यावर मी अण्णांवर ओरडलो. म्हटलं, तुमचा सरस वाळेपर्यंत त्या माणसाची बोटं जातील. दुसऱ्या दिवशी दाराला पाटी: नवीन काम बंद आहे.

नेमके त्याच दिवशी धारवाडहून एक मोठे गवई तंबोरा घेऊन आले. अण्णांनी पाटी दाखवली. मी जुनं गिऱ्हाईक, माझ्यासाठी कसली पाटी, असं गवई म्हणाले. अण्णा म्हणाले, "तुमच्या गळ्याला अजून दहा वर्षं मरण नाही. नंतर या."

तारा जितक्या खाली, तितक्या दाबायला हलक्या. अण्णा रोज घोडी एका कागदाच्या जाडीनं खाली घेत होते. अंकलना त्यांनी हे सांगितलं नाही. मला अक्कांनी सांगितलं.

* * *

एका बुधवारी गिटार तयार झाली. अंकल टाय लावून आले. अक्का हात पुसत बाहेर येऊन उभ्या राहिल्या. अंकलनी उजव्या हातानं सगळ्या तारा एकदम छेडल्या, आणि काय तो आवाज! भिंतीवरचे तंबोरेसुद्धा घुमले.

मग त्यांनी डावा हात लावला. दोन बोटं बसली, दोन उठलीच नाहीत. तार ठप्प वाजली. परत ठप्प. तिसऱ्यांदा त्यांनी उजव्या हातानं ती बोटं उचलून तारेवर ठेवली, तर ती तिथं नुसती पडून राहिली. अंकल हसले. "लेट झाला," म्हणाले. "तुमचा नाही अण्णा, माझा." मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

अण्णांनी स्टूल ओढलं. अंकलच्या डाव्या अंगाला, जरा मागे, मांडीला मांडी लावून बसले आणि आपला डावा हात गिटारच्या गळ्यावर ठेवला.

"सांगा," म्हणाले. "कुठली तार, कितवा पडदा."

अंकल सांगत गेले, अण्णा दाबत गेले. सतारीच्या पडद्यांवर मुरलेला हात तो, पण तीन-तीन तारा एकदम दाबायची सवय नाही. अर्धा तास नुसता गोंधळ. अण्णा, उशीर. अण्णा, ते बोट नव्हे, शेजारचं. त्या दुकानात अण्णांना असं कोणी कधी बोललेलं नाही, आणि ते मुकाट्यानं बोट बदलत होते. आत अक्कांचं दूध उतू गेलं, तरी कोणी उठलं नाही.

मग कधीतरी ते जुळलं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. उजवा हात अंकलचा, डावा अण्णांचा. दोनदा अडखळला, पण वॉल्ट्झ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजला.

अण्णांनी कपाळाचा घाम पुसला. मग गिटार पुसली, खोक्यात ठेवली, कड्या लावल्या आणि खोकं अंकलच्या पायाशी नेऊन ठेवलं. अंकलनी कड्या परत उघडल्या, गिटार बाहेर काढली आणि दोन तंबोऱ्यांच्या मधल्या रिकाम्या खुंटीला अडकवली.

"अर्धा वाजवणारा इथं राहतोय," म्हणाले. "मी घरी नेऊन काय करू?"